टीनएजर मुलं, मोबाइल, मनाचे त्रास आणि नशा : सारखे विचारले जाणारे प्रश्न

खालचे बहुतेक प्रश्न पालकांचे आहेत, एकदोन मुलांचे स्वतःचे. ओळीने वाचायची गरज नाही, आपला प्रश्न शोधा आणि तिथूनच सुरू करा. मुलाच्या जिवाला धोका आहे असं वाटत असेल तर मात्र बाकी सगळं सोडून "लगेच दवाखान्यात कधी न्यायचं" हा प्रश्न आधी वाचा.

मोबाइलमुळेच मुलं नशेला लागतात ना?

इतकं सरळ नाहीये ते. अमेरिकेत १९७५ पासून दरवर्षी शाळकरी मुलांचा एक मोठा सर्व्हे होतो, मॉनिटरिंग द फ्युचर नावाचा, मिशिगन युनिव्हर्सिटी करते. त्यात १९९० च्या दशकाच्या शेवटापासून सिगारेट आणि दारू दोन्ही खाली खाली येत गेलेली दिसते, आणि नेमक्या याच काळात स्मार्टफोन आला आणि स्क्रीनवरचा वेळ वाढत गेला. कोविडच्या काळात मुलं घरात कोंडली गेली, दिवसभर स्क्रीनसमोर होती, तर २०२१ चे नशेचे आकडे एकदम कोसळले, आणि नंतर सगळं सुरू झालं तरी ते जुन्या पातळीवर परत गेले नाहीत. मोबाइल वाढला की नशा वाढते असं साधं गणित असतं तर हे उलटं व्हायला हवं होतं.

पण म्हणून संबंधच नाही असंही नका समजू. अख्ख्या पिढीचे आकडे एक सांगतात आणि एकेका मुलाकडे बघितलं की वेगळं दिसतं. ज्या मुलाचा मोबाइलवरचा ताबा सुटलाय त्याच्यात उदासी, चिंता, वेप (म्हणजे ई-सिगारेट), दारू हे सगळं जास्त सापडतं, हे बऱ्याच अभ्यासांत येतं. पोरं एकत्र जमायची कमी झाली म्हणून एकूण नशा कमी झाली असेल, पण जे मूल आधीच आतून त्रासलेलं आहे त्याच्याकडे आता दोन वाटा आहेत, मोबाइल आणि नशा, आणि ते बऱ्याचदा दोन्हीवर चालतं.

मग मोबाइल, मनाचे त्रास आणि नशा या तिघांचा एकमेकांशी संबंध नक्की कसा लागतो?

तीनचार रस्ते आहेत आणि एकाच मुलात सगळे एकदम चालू असू शकतात.

पहिला म्हणजे तिन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट असणं. उतावळा स्वभाव, एडीएचडी (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा), घरातली सततची भांडणं, लहानपणी झालेला अत्याचार, शाळेतलं बुलिंग, एकटेपणा, घराण्यात असलेलं व्यसन किंवा डिप्रेशन. यातलं काही असलं की मन बिघडायची शक्यता वाढते, मोबाइल सुटत नाही आणि नशेचीही शक्यता वाढते, म्हणजे मोबाइलने नशा आणली असं बाहेरून दिसतं पण खरं दोन्ही तिसऱ्याच ठिकाणाहून आलेलं असतं.

दुसरा रस्ता त्रास दाबण्याचा. एडवर्ड खँट्झियन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९८५ साली मांडलं होतं की माणसं नशा बऱ्याचदा मजेसाठी करत नाहीत, सहन न होणारं काहीतरी शांत करायला करतात. एकप्रकारे स्वतःच स्वतःला औषध देतात. रात्री दोन वाजेपर्यंत स्क्रोल करणारं मूल आणि बाथरूममध्ये वेप ओढणारं मूल, दोघंही कधीकधी हेच करत असतात. डोक्यात जे चाललंय ते तेवढ्यापुरतं बंद होतं. अडचण अशी की मूळ त्रास तसाच राहतो आणि सकाळी वर थोडी अपराधी भावना येऊन बसते, मग ती दाबायला परत तेच.

तिसरा रस्ता झोपेचा, त्यावर खाली वेगळं लिहिलंय कारण माझ्या मते सगळ्यात कमी लक्ष तिकडेच जातं. आणि चौथा, समोर दिसण्याचा. फीडमध्ये सगळे पितायत, धूर सोडतायत, कुणाला काहीच होत नाहीये, असं रोज बघितलं की मुलाला वाटतं सगळेच करतात आपणच मागे आहोत. बरोबरीचे लोक किती नशा करतात याचा मुलांचा अंदाज नेहमीच खऱ्यापेक्षा जास्त असतो, आणि हा चुकीचा अंदाजच त्यांना ढकलतो.

आधी काय येतं, डिप्रेशन का व्यसन?

बऱ्याच मुलांमध्ये मनाचा त्रास आधी. आयुष्यात ज्यांना कधीतरी मानसिक आजार होतो त्यातल्या निम्म्या लोकांची सुरुवात १४ व्या वर्षापर्यंत झालेली असते, हे २००५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत आलं होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने १० ते १९ वयातल्या दर सात मुलांमागे एकाला काहीतरी मानसिक आजार असतोच. चिंता आणि एडीएचडी लवकर येतात, डिप्रेशन वयात येताना, आणि नशा साधारण त्यानंतर. पण उलटंही होतं, नियमित दारू किंवा गांजा सुरू झाला आणि मग मूड गेला. खरं सांगायचं तर घरच्यांनी या कोड्यात फार अडकू नये. कुठून सुरू झालं हे डॉक्टर शोधतील, तुमच्यासमोर आत्ता जे आहे ते दोन्ही आहे.

रोज किती तास स्क्रीन चालेल? एक आकडा सांगा.

आकडा नाहीये. खरंच नाहीये. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये मोठ्या मुलांसाठीचा दोन तासांचा जुना नियम काढून टाकला, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये शाळकरी वयासाठी "कमी ठेवा" एवढंच आहे, तास नाहीत. आणि अमेरिकेतली टीनएजर मुलं नुसत्या करमणुकीसाठी २०२१ मध्ये दिवसाला सरासरी ८ तास ३९ मिनिटं स्क्रीनवर होती, तेव्हा दोन तास म्हटलं तरी कोण ऐकणार होतं.

तास मोजून फारसं हाती लागत नाही याला पुरावा पण आहे. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रझिबिल्स्की या संशोधकांनी २०१९ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त मुलांची माहिती तपासली, तर मुलांच्या मनःस्थितीतल्या फरकापैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के फरक डिजिटल वापराशी जोडता आला. त्याच माहितीत चष्मा लावण्याचा मनःस्थितीशी असलेला संबंध याहून वाईट निघाला होता! आता दुसऱ्या बाजूचं पण ऐका. रोज तीन तासांपेक्षा जास्त सोशल मीडियावर असणाऱ्या मुलांमध्ये डिप्रेशन आणि चिंतेच्या लक्षणांचा धोका दुप्पट, हे अमेरिकेचे तेव्हाचे सर्जन जनरल (सार्वजनिक आरोग्याचे प्रमुख सरकारी डॉक्टर) विवेक मूर्ती यांनी २०२३ च्या इशाऱ्यात सांगितलं होतं. दोन्ही एकदम वाचलं की डोकं गरगरतं.

मला यातून वाट दाखवणारा वाटला तो २०२५ चा एक अभ्यास. त्यात ४,२८५ मुलांना वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपासपासून चार वर्षं बघितलं. दहाव्या वर्षी एकूण किती तास स्क्रीन होती याचा पुढच्या आत्महत्येच्या विचारांशी संबंध लागला नाही. संबंध लागला तो तलफेशी, म्हणजे सोडायचं ठरवून सुटत नाही, नसला की तगमग होते, त्रास विसरायला तोच लागतो, असं ज्यांचं वाढत गेलं त्यांच्यात धोका दुपटीच्या आसपास किंवा जास्त होता. लक्षात घ्या की हीच लक्षणं आपण दारूच्या बाबतीत विचारतो. तेव्हा घड्याळ बघण्यापेक्षा हे बघा की मोबाइल बाजूला ठेवायची वेळ आली की मूल कसं वागतं, त्यामुळे झोप, जेवण, अभ्यास, मित्र यातलं काय काय गळून पडलंय, आणि वाईट दिवस गेला की ते पहिल्यांदा कशाकडे धावतं.

गेम, रील्स, चॅट, सगळं एकसारखंच वाईट का?

नाही. कॅनडात माँट्रियलच्या ३,८२६ मुलांना चार वर्षं बघितलं होतं, तो अभ्यास २०१९ मध्ये आला. सोशल मीडिया आणि टीव्ही वाढला की त्या वर्षी डिप्रेशनची लक्षणं वाढत होती, व्हिडिओ गेमच्या बाबतीत तसं दिसलं नाही. आईवडील मात्र सगळ्यात जास्त गेमवरच चिडतात! मित्रांशी बोलत खेळलेला गेम आणि एकट्याने अंधारात दुसऱ्यांची देखणी आयुष्यं बघत बसणं यात फरक आहे. वयानेही फरक पडतो: ऑर्बेन यांच्याच २०२२ च्या अभ्यासात मुली ११ ते १३ आणि मुलगे १४-१५ वयात सोशल मीडियाच्या बाबतीत जास्त हळवे दिसले, आणि दोघंही परत १९ च्या सुमारास. ज्या गेममध्ये पैसे टाकून आत काय निघेल माहीत नसलेली पेटी उघडायची असते त्यावर मात्र डोळा ठेवा, तो जुगारच आहे, नाव फक्त वेगळं.

झोपेचा यात काय संबंध?

खूप. १३ ते १८ वयाला ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना शरीराचं घड्याळच साधारण दोन तासांपर्यंत पुढे सरकतं, म्हणजे अकराच्या आधी झोप न येणं हा आळशीपणा किंवा उद्धटपणा नाहीये, शरीर तसंच चाललंय. त्यात शाळा सकाळी लवकर. आता या आधीच ताणलेल्या रात्रीत मोबाइल आला. लोक निळ्या प्रकाशाबद्दल फार बोलतात, चष्मे विकतात, पण त्याचा वाटा त्यामानाने लहान आहे, मोठं नुकसान करतं ते म्हणजे झोपायची वेळ सरळ खाऊन टाकणं आणि भांडण, मेसेज, भीती, उत्सुकता यांनी मन जागं ठेवणं.

मग अपुऱ्या झोपेचं मूल दुसऱ्या दिवशी कसं असतं? चिडकं, रडवेलं, धीर कमी, आणि "बघू पुढचं पुढे" असा निर्णय घ्यायला तयार. मेंदूचा जो भाग लगाम धरतो तो तसाही पंचविशीच्या आसपास पूर्ण तयार होतो, त्यात झोप नाही म्हणजे असलेला लगामही ढिला. दिवसा जागं राहायला कॅफीन आणि निकोटीन, रात्री झोप यायला गांजा किंवा दारू, अशी जोडी जमलेली मुलं खरोखर असतात. दारूने झोप लागते पण मधेच मोडते, आणि रोजचा गांजा बंद केला की काही दिवस झोपच येत नाही, विचित्र स्वप्नं पडतात, म्हणून मूल परत त्याकडेच जातं.

एकच नियम घरात चालणार असेल तर तो हा ठेवा, रात्री सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला बेडरूमच्या बाहेर. सगळ्यांचे म्हणजे तुमचा पण. अलार्मला साधं घड्याळ आणा, ती सबब सगळ्यात आधी येते.

मोबाइल म्हणजे डोपामाइन, म्हणजे ड्रगच झालं ना?

हे व्हिडिओत ऐकायला भारी वाटतं. डोपामाइन हे मेंदूतलं एक रसायन, ते जेवणाने पण वाढतं, गाण्याने पण, कुणी कौतुक केलं तरी. ते मजेपेक्षा "आता काहीतरी मिळणार" या अपेक्षेशी जास्त जोडलेलं आहे, आणि पुढचं रील चांगलं असेल का फालतू हे माहीत नसणं हेच बोट हलतं ठेवतं, एवढं खरं. पण निकोटीन किंवा ओपिऑइड (अफूच्या जातीची औषधं) थेट मेंदूतल्या रिसेप्टरवर जाऊन बसतात, शरीराला सवय लागते, बंद केलं की शरीर आजारी पडतं. दोन्हीला एकाच तागडीत टाकलं तर मूल तुम्हाला हसेल, आणि मग खऱ्या ड्रगबद्दल बोललात तरी विश्वास ठेवणार नाही.

गेमिंगचं व्यसन हा खरा आजार आहे का?

हो, आजारांच्या जागतिक यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये आहे, ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. पण अट कडक आहे. ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या वर गेम येणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण १२ महिने, आणि त्यामुळे घर-शाळा-नाती यांचं खरोखर नुकसान. सुट्टीत दिवसभर खेळणारा प्रत्येक मुलगा यात बसत नाही. सोशल मीडियाचं व्यसन असं वेगळं नाव अजून त्या यादीत नाही.

मुलगा म्हणतो वेपने टेन्शन कमी होतं. खोटं बोलतोय का?

खोटं नाही बोलत, त्याला खरंच तसं वाटतं. निकोटीन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि रक्तातलं प्रमाण साधारण दोन तासांत अर्ध्यावर येतं. ते उतरायला लागलं की अस्वस्थपणा, चिडचिड, लक्ष न लागणं सुरू होतं, परत झुरका घेतला की बरं वाटतं. म्हणजे जे टेन्शन जातंय त्यातलं बरंचसं मागच्या झुरक्यानेच आणलेलं असतं. वर्गात दोन तास काढणं त्याला का जड जातं ते यावरून समजेल. उलट सिगारेट सोडलेल्या लोकांची चिंता आणि उदासी सोडल्यानंतर कमी होते, हे २०१४ मध्ये बऱ्याच अभ्यासांची मोट बांधून दाखवलं गेलंय (मोठ्यांवरचे अभ्यास आहेत ते, पण चक्र तेच). हे त्याला लेक्चर म्हणून नका सांगू. "दोन तासांनी काय होतं ते एक दिवस स्वतःच बघ" एवढं म्हणा.

आणि वेप म्हणजे नुसती वाफ, हे डोक्यातून काढा. २०१९ मध्ये अमेरिकेत बारावीतल्या दर चौघांपैकी एकाने मागच्या महिन्यात निकोटीन वेप केलं होतं, फळांच्या चवी आणि पेनड्राइव्हसारखी यंत्रं यांनी ही लाट आणली.

गांजा तर नैसर्गिक आहे, त्याने काय होतं?

नैसर्गिक तर धोतरा पण आहे. टीनएजमध्ये सुरू करणाऱ्या साधारण सहापैकी एकाला त्याचं व्यसन लागतं, एकूण वापरणाऱ्यांमध्ये हे साधारण दहा-अकरापैकी एक आहे. दुसरं, आजचा माल जुना राहिलेला नाही, अमेरिकेत जप्त केलेल्या गांज्यात नशा आणणारं टीएचसी १९९५ मध्ये सरासरी ४ टक्के होतं ते २०१४ मध्ये १२ टक्क्यांवर गेलं, आणि वेपमधल्या अर्काचं तर विचारूच नका. आणि जड माल रोज ओढणाऱ्यांमध्ये सायकोसिसचा, म्हणजे भास होणं, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं, याचा धोका वाढतो, घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल तर जास्तच. अशा घरातल्या मुलाला हे स्पष्ट शब्दांत सांगा, लपवू नका. बुद्ध्यांक कायमचा घसरतो का यावर मात्र तज्ज्ञांमध्ये वाद आहे, जुळ्यांवरच्या अभ्यासांनी त्या दाव्यावर शंका घेतल्या, तेव्हा तो मुद्दा भांडणात वापरू नका.

ऑनलाइन ड्रग मिळतात म्हणे?

मिळतात, आणि भीती वाटावी अशी गोष्ट नशेच्या आकड्यात नाही, गोळीच्या आत आहे. अमेरिकेत २०१९ ते २०२१ मध्ये मुलांमधली नशा वाढली नव्हती तरी १० ते १९ वयातले ओव्हरडोसचे मृत्यू दुपटीहून जास्त झाले, कारण अँग्झायटीच्या किंवा वेदनेच्या औषधासारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्यांमध्ये फेंटॅनिल हे फार जहाल ओपिऑइड होतं, आणि ती विक्री सोशल मीडिया ॲपवरून पण चालायची. गेलेल्या मुलांपैकी ४१ टक्के मुलांबाबत मानसिक त्रासाची किंवा त्यावरच्या उपचारांची नोंद होती. आणि दोन तृतीयांश वेळा आसपास कुणीतरी होतं, पण काय चाललंय ते कळलंच नाही. झोप येत नाही, परीक्षेचं टेन्शन आहे म्हणून मित्राने दिलेली एक गोळी, एवढंच निमित्त पुरतं. औषधाच्या दुकानातून आणलेल्या पाकिटातून आपल्यासमोर न काढलेली कुठलीही गोळी घ्यायची नाही, ही गोष्ट मुलाला "तू नशा करतोस का" हे न विचारता सांगता येते.

हे नेहमीचं टीनएज आहे का काहीतरी गडबड आहे, कसं ओळखू?

दार बंद करणं, उलट बोलणं, उशिरा उठणं, एवढ्यावरून काही ठरत नाही. बदल बघा, आणि तो किती दिवस टिकतोय ते बघा. दोन आठवड्यांच्या वर उदास किंवा चिडचिडं (मुलांमधलं डिप्रेशन रडण्यापेक्षा चिडण्यात जास्त दिसतं), आवडीच्या गोष्टी सोडून दिल्या, मित्रमंडळी अचानक बदलली किंवा उरलीच नाही, मार्क धाडकन खाली, पैसे कमी पडायला लागले, खोलीत गोडसर वास, डोळे लाल. यातलं एखादं असलं तर लक्ष ठेवा, तीनचार एकत्र असतील तर थांबू नका.

डॉक्टर १२ ते २१ वयासाठी क्राफ्ट नावाची छोटी प्रश्नावली वापरतात. नशेत असलेल्याच्या गाडीत बसलास का, रिलॅक्स व्हायला किंवा स्वतःबद्दल बरं वाटावं म्हणून घेतोस का, एकटा असताना घेतोस का, घेतल्यावर काय केलं ते विसरतोस का, घरचे किंवा मित्र कमी कर म्हणतात का, कधी अडचणीत आलास का. दोन किंवा जास्त हो आले की पुढची तपासणी. मला यातला "एकटा असताना" हा प्रश्न सगळ्यात बोलका वाटतो. पार्टीत मित्रांबरोबर घेतलं त्यात दिखावा पण असतो, एकटं बसून घेतलं जातं तेव्हा ते कशावर तरी औषध म्हणून चाललेलं असतं बहुतेक वेळा, आणि मोबाइललाही हाच प्रश्न लावून बघा.

मी त्याचा मोबाइल गुपचूप चेक करू का?

जिवाला धोका आहे असा खरा संशय असेल तर करा, आणि नंतर केलं म्हणून सांगा. नुसत्या काळजीपोटी रोज पाळत ठेवायची असेल तर नको. एकदा कळलं की मूल दुसरं अकाउंट काढतं आणि तुम्हाला पहिलंच दिसत राहतं. लहान वयात, ११-१२ ला, मोबाइल देतानाच "मी अधूनमधून बघणार" हे उघड ठरवून घ्या आणि वय वाढेल तसं ते कमी करत जा.

रागात मोबाइल काढून घेतला, आता तो जेवतही नाही. चुकलं का?

एक-दोन दिवसांचा तमाशा होणारच, त्याने घाबरू नका. पण जे मूल आधीच खचलेलं आहे त्याचा मोबाइल म्हणजे त्याचे सगळे मित्र, कधीकधी त्याला जिवंत धरून ठेवणारा एकुलता एक माणूस पण त्यातच असतो, तो अचानक तोडला तर एकटेपणा दुप्पट होतो. शिक्षा म्हणून सगळं बंद करण्यापेक्षा रात्रीचं बंद करा, त्रास देणारं एखादं ॲप त्याच्याशी बोलून काढा, आणि मोकळ्या झालेल्या वेळात काय होणार हे आधी ठरवा, नुसती रिकामी खोली मिळाली तर ती कशाने तरी भरणारच. मोबाइल मागताना अंगावर धावून येणं, स्वतःला इजा करण्याची धमकी, असं झालं तर भांडण तिथेच थांबवा आणि मदत घ्या, धमकी नाटकी वाटली तरी.

बोलायचं कसं? विचारलं की तोंडाला कुलूप.

समोर बसवून विचारू नका. गाडीत, चालताना, भांडी आवरताना, जिथे एकमेकांच्या डोळ्यात बघावं लागत नाही तिथे मुलं बोलतात. "तू वेप करतोस का" याला उत्तर "नाही"च येणार. "तुमच्या वर्गात वेप किती चालतं रे?" याला उत्तर मिळतं, आणि त्यातून बरंच कळतं. खनपटीला बसू नका. एकदा विचारा, ऐका, आणि जे ऐकलं त्यावर लगेच फैलावर घेऊ नका, कारण पहिल्या कबुलीला तुम्ही काय केलं यावर दुसरी येईल का नाही ते ठरतं. रागाने हात शिवशिवत असतील तर "मला थोडा वेळ दे, रात्री बोलू" म्हणा, हे चालतं.

लगेच दवाखान्यात कधी न्यायचं?

हाक मारून उठत नाही, श्वास हळू किंवा घरघर करत चाललाय, ओठ निळे किंवा काळपट, झटके, छातीत दुखणं, वेड्यासारखं बरळणं, यातलं काहीही असेल तर इमर्जन्सी नंबरला फोन आत्ता. "झोपू दे, उतरेल" असं म्हणायचं नाही. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे तर कुशीवर वळवा म्हणजे उलटी घशात जाणार नाही, आणि एकटं सोडू नका. ओपिऑइडचा (अफूच्या जातीच्या औषधांचा) संशय असेल आणि नॅलोक्सोन, म्हणजे त्यावरचा उतारा, हाताशी असेल तर द्या. काय घेतलंय ते खरं सांगा, डॉक्टरला उपचार करायचे असतात, न्यायनिवाडा नाही.

मरणाबद्दल बोलतोय, आवडत्या वस्तू वाटून टाकतोय, निरोपाचे मेसेज टाकतोय, तर सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जातो ही भीती खोटी आहे, उलट बऱ्याच मुलांना विचारल्यावर हलकं वाटतं. हो म्हणाला तर त्या रात्री एकटं ठेवायचं नाही, घरातली औषधं, विषारी वस्तू, शस्त्र, सगळं कुलपात किंवा घराबाहेर, आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइन. नशेत असेल तर धोका अजून वाढतो कारण विचार आणि कृती यातलं अंतर कमी होतं.

कुणाकडे जायचं, आणि आधी नशा सोडवायची का डिप्रेशन बरं करायचं?

तुमच्या नेहमीच्या डॉक्टरपासून सुरू केलं तरी चालेल, पुढे मुलांचा मानसोपचारतज्ज्ञ किंवा सायकॉलॉजिस्ट. दोन्हीवर एकत्र उपचार करा असंच सगळे सांगतात, "आधी नशा सोडून ये मग बघू" म्हणणाऱ्याकडून दुसरीकडे जा. मुलाला डॉक्टरशी एकट्याने बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा, समोर आईबाबा असताना कुणी खरं सांगत नाही. रोज बरीच दारू किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर घरच्या घरी एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात, जिवावर बेततं. एडीएचडीच्या गोळ्यांनी पुढे व्यसन लागेल म्हणून त्या थांबवणारे पालक खूप आहेत, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्यावर तसा धोका वाढलेला अभ्यासांत दिसत नाही. गोळ्या ताब्यात मात्र तुम्ही ठेवा, वर्गात त्या मागणारे असतात.

आणि मूल यायलाच तयार नसेल तर तुम्ही एकटे जा. पालकांनी कसं बोलायचं, काय सोडून द्यायचं, कुठे ठाम राहायचं हे शिकवलं तरी घरातलं वातावरण हलतं.

कुठल्या देशाला हे आवरता आलंय का?

आइसलँडचं उदाहरण सगळे देतात आणि ते खरंच दमदार आहे. तिथे १९९८ मध्ये १५-१६ वयाच्या ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचं सांगितलं होतं, २०१६ मध्ये ते ५ टक्क्यांवर आलं, रोज सिगारेट ओढणारे २३ वरून ३ टक्क्यांवर. भाषणं देऊन हे झालं नाही. खेळ, संगीत, नाच यांचे क्लास सरकारी पैशाने स्वस्त केले, १३ ते १६ वयाच्या मुलांना हिवाळ्यात रात्री दहानंतर आणि उन्हाळ्यात बारानंतर एकट्याने बाहेर फिरायला बंदी घातली, आणि पालकांनी एकमेकांशी करार केले की आपल्या कुणाच्याच घरी मुलांना दारू मिळणार नाही. छोटा देश आहे, सगळीकडे जसंच्या तसं होईलच असं नाही. पण पालकांनी एकमेकांत ठरवणं, हे कुणालाही जमेल, मोबाइलच्या बाबतीत तर नक्कीच, कारण "बाकी सगळ्यांना परवानगी आहे" हे वाक्य त्यानेच बंद होतं.

ऑस्ट्रेलियाने १६ खालच्या मुलांना सोशल मीडिया अकाउंटच बंद केलंय, डिसेंबर २०२५ पासून. त्याचा निकाल यायला वेळ आहे.

आम्हीच दिवसभर मोबाइलवर असतो, कधीतरी घेतो पण. आम्ही कुठल्या तोंडाने सांगणार?

याच तोंडाने सांगा. "मलाही सुटत नाही, दोघं मिळून रात्रीचा बंद करूया का" हे मुलाला उपदेशापेक्षा जास्त पटतं. दारूचं म्हणाल तर वाढणाऱ्या मेंदूचं गणित वेगळं आहे, १५ च्या आधी प्यायला सुरुवात करणाऱ्यांना पुढे दारूचं व्यसन लागण्याचं प्रमाण २१ नंतर सुरू करणाऱ्यांच्या साधारण चौपट आढळलंय. आणि "बाहेर प्यायच्या आधी घरात चव घेऊ दे" ही युक्ती चालत नाही, अशी मुलं पुढे कमी पितात असं दिसलेलं नाही.

मी १६ ची आहे. मैत्रीण रोज वेप करते आणि रात्री खूप काहीबाही स्टोरी टाकते. सांगितलं तर दगा दिल्यासारखं होईल ना?

नुसतं वेपच असतं तर आधी तिच्याशीच बोल म्हटलं असतं. पण रात्रीच्या स्टोरीत मरायचं, नको वाटतंय, असं काही येत असेल तर ते तुझ्या एकटीच्या डोक्यावर ठेवायचं ओझं नाही. आधी तिला सांग, "मला तुझी काळजी वाटते म्हणून मी अमुक बाईंना किंवा तुझ्या ताईला सांगणारे, तू बरोबर येतेस का?" ती चिडेल. काही दिवस बोलणार पण नाही. तरी सांग. आणि रात्री दोनला तिच्या मेसेजला उत्तर द्यायला तूच जागी राहतेस का? मग तुझी झोप पण गेली आहे, ते पण त्या मोठ्या माणसाला सांग.

उपचार चालू होते, तीन महिने छान होता, परत ओढताना सापडला. सगळं पाण्यात गेलं का?

नाही गेलं. परत घसरणं हे या आजारात इतकं नेहमीचं आहे की डॉक्टर ते धरूनच चालतात. त्या दिवशी आधी काय झालं होतं ते शोधा, भांडण, निकाल, ब्रेकअप, दोन रात्री न झालेली झोप, जुना ग्रुप परत ॲड झाला, काहीतरी सापडतंच. पुढची अपॉइंटमेंट महिनाभराने असेल तर अलीकडे घ्या, आणि फोनवर सांगतानाच सांगा की परत सुरू झालंय. बराच काळ बंद ठेवून मग आधीइतकाच डोस घेतला तर शरीर तेवढा सहन करत नाही, ओपिऑइडच्या बाबतीत याच वेळेला मृत्यू जास्त होतात, हे मुलाला माहीत असायला हवं, रागावलेले असलात तरी.